अर्धविरामाचा अंमल

आपला शब्द कोणीतरी झेलावा, आपण 'हो' म्हणताच दारे उघडावीत आणि 'पुरे' म्हणताच घंटा थांबाव्यात, ही मनुष्यमात्राची इतकी जुनी व इतकी सार्वत्रिक आकांक्षा आहे की, ज्याच्या हाकेला घरातले मांजरसुद्धा ओ देत नाही असा गृहस्थही कचेरीच्या वाटेवर रिक्षावाल्यास "जरा डावीकडून घ्या" असे फर्मावून ती थोडीफार भागवून घेत असतो. माझ्यापुरते बोलायचे तर ही सोय माझ्या नोकरीनेच करून ठेवली आहे. पुण्यातील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, सभ्य माणसे निद्राधीन झालेली असताना, मी एका मेजापुढे बसतो आणि सातासमुद्रापलीकडे उत्तर अमेरिकेतील तळघरांत, रस्त्याकडेच्या लोखंडी पेट्यांत व बर्फात रुतलेल्या खोपटांत बसवलेल्या दूरसंचार यंत्रांना लेखी हुकूम सोडतो; आणि, हे लिहिताना मान किंचित ताठ होते, ती यंत्रे ते ऐकतात.

या वैभवाचे घरी मात्र चीज होत नाही. माझे सासरे हयातभर टेलिफोन खात्यात होते. शिडी, पक्कड आणि खांबावर चढणारा लाइनमन या त्रयीवाचून टेलिफोनचे काही काम होऊ शकते, हे त्यांना तत्त्वतःच मान्य नाही.

"रात्रभर नेमके करता तरी काय, जावईबापू?" त्यांनी एकदा विचारले.

"यंत्राला लिहून पाठवतो."

"काय म्हणून?"

"तुझी काय तक्रार आहे ती सांग म्हणून."

"आणि ते सांगते?"

"बहुधा दोन सेकंदांत."

सासरे बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "आमच्या खात्यात माणूससुद्धा सांगत नसे."

ज्या भाषेत हा पत्रव्यवहार चालतो तिला टीएल-वन म्हणतात, आणि तिचा जन्म १९८४ सालचा आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीस अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या अवाढव्य साम्राज्याचे न्यायालयीन तडजोडीनुसार विभाजन झाले, त्यातून सात प्रादेशिक कंपन्या निघाल्या, आणि या सातही जणींचे सामाईक संशोधन व प्रमाणीकरण पाहण्यासाठी न्यू जर्सीत बेलकोर नावाची संस्था उभी राहिली. नाना कारखानदारांची यंत्रे आता एकाच छपराखाली नांदू लागणार आणि प्रत्येकाची बोली निराळी, हे संकट ओळखून बेलकोरने, जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय टेलिफोन समितीने मनुष्य आणि यंत्र यांच्यातील संभाषणासाठी केलेल्या शिफारशींचा आधार घेतला व सर्वांना एकच भाषा लावून दिली. ती माणसाला डोळ्यांनी वाचता यावी आणि यंत्रालाही कळावी, अशी तिची योजना. त्याच वर्षीच्या ऑगस्टात आपल्याकडे स्वदेशी टेलिफोन यंत्रे घडवण्यासाठी सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. म्हणजे यंत्रे निरनिराळ्या भाषांत बोलतात म्हणून जेव्हा तिकडे विद्वानांची झोप उडाली होती, तेव्हा घरातला टेलिफोन मुळात बोलतच का नाही, या चिंतेने इकडे सामान्य माणसाची उडाली होती.

या भाषेतला हुकूम म्हणजे, नाव हुकमाचे असले तरी, मामलेदार कचेरीत दाखल करावयाचा अर्जच होय. प्रथम काय हवे ते लिहायचे: दाखव, बदल, काढून टाक, पुन्हा रुजू कर. मग अपूर्णविराम. मग ज्या यंत्राला हुकूम करायचा त्याचे नाव, फार तर वीस अक्षरांत. पुन्हा अपूर्णविराम. मग त्या यंत्रातला नेमका भाग. म्हणजे कितवी फळी, कितवा खण, त्यातले कितवे दार. पुन्हा अपूर्णविराम. मग सहा अक्षरांपर्यंतचा जावक क्रमांक, जो हुकूम करणाऱ्याने मनाने घालायचा आणि यंत्राने उत्तराबरोबर जसाच्या तसा परत करायचा. एखादा रकाना लागू नसेल तर तो कोरा सोडण्याची मुभा आहे, परंतु रकानाच गाळण्याची नाही. त्यामुळे 'असतील ते सर्व इशारे दाखव' एवढे साधे मागणे 'आरटीआरव्ही-एएलएम-ऑल' असे स्वर गिळून लिहावे लागते आणि त्यापुढे तीन अपूर्णविराम ओळीने उभे करावे लागतात. सरतेशेवटी अर्धविराम. सेनापतींचे हुकूम पूर्णविरामाने संपत असतील. आमचे अर्धविरामाने संपतात, आणि तो पडेपर्यंत यंत्र ढिम्म हलत नाही.

नव्याने रुजू झालेला प्रत्येक उमेदवार पहिल्याच रात्री धावत येतो.

"सर, यंत्र मेलेय."

"अर्धविराम दिलास का?"

"तो कशाला? वाक्य तर कळतेय ना!"

वाक्य कळते म्हणून काम व्हावे, ही त्या बिचाऱ्याची अपेक्षा सर्वस्वी मराठी कुटुंबात वाढल्याची खूण आहे. आपल्या घरांचा संपूर्ण कारभार 'ते', 'हे' आणि 'त्यात' या तीन शब्दांवर चालतो. "अहो, ते हे जरा त्यात ठेवा ना," असे पत्नी स्वयंपाकघरातून सांगते, आणि मी ते हे उचलून त्यात नेऊन ठेवतो. सासऱ्यांनी "अगं, माझे ते हे कुठे आहे?" असे विचारले की सासूबाई चष्मा आणून देतात, आणि तेच वाक्य संध्याकाळी, त्याच स्वरात व त्याच खुर्चीवरून उच्चारले असता अडकित्ता आणून देतात. फळी नाही, खण नाही, जावक क्रमांक नाही, आणि तामिली मात्र बिनचूक. माणसांच्या जगात हुकूम अर्धामुर्धा सोडण्याचा अधिकार सोडणाऱ्याचा आणि तो पुरा करून घेण्याची जबाबदारी झेलणाऱ्याची, अशी वाटणी पूर्वापार ठरलेली आहे. यंत्राने ती अमान्य केली, एवढेच त्याचे बंड. ते हुकूम पाळते. फक्त तुम्हाला काय हवे आहे, हे ते तुमच्याऐवजी ठरवीत नाही. आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे सांगण्याची वेळ आली म्हणजे भलेभले हुकूमबहाद्दर पडद्याकडे टक लावून कान खाजवू लागतात.

उत्तराचा थाटही कचेरीचाच. वर यंत्राचे नाव, तारीख व वेळ. खाली तुमचाच जावक क्रमांक. आणि त्यापुढे 'कम्प्लीटेड' किंवा 'डिनाय' असा शिक्का. अर्ज नामंजूर झाला तर कारण चार अक्षरांत. 'आयआयएसपी' आले की समजावे, विरामचिन्ह चुकले. 'पीआययूआय' आले की समजावे, आपण कोण हे यंत्राला पटलेले नाही. 'एसएआयएस' आले की समजावे, ज्याला कामावर रुजू हो म्हणून सांगितले तो आधीपासूनच कामावर आहे आणि या चौकशीने दुखावला गेला आहे. दोन सेकंदांत निकाल देणे शक्य नसेल तर निदान पोच तरी दिलीच पाहिजे, असा दंडक आहे. आणि त्या पोचेचे प्रकार वाचले म्हणजे नियम लिहिणाऱ्याचा एखादा आतेभाऊ आपल्या महसूल खात्यात असावा, असा दाट संशय येतो. 'आयपी' म्हणजे कार्यवाही चालू आहे. 'पीएफ' म्हणजे कागद मागाहून येत आहेत. 'आरएल' म्हणजे नंतर पुन्हा या. आणि 'एनए' म्हणजे पोच नाही. अर्थात पोच नसल्याची रीतसर पोच. फरक इतकाच की, आमच्या यंत्राला ही उत्तरे देताना पान खावे लागत नाही.

जावक क्रमांक मात्र या कोरड्या व्यवहारातली एकमेव हिरवळ आहे. तो काय असावा याविषयी यंत्राचा आग्रह नसल्याने प्रत्येकाचा स्वभाव तेथे उमटतो. साहेब एकापासून क्रमाने आकडे घालतात आणि मध्ये एक जरी सुटला तरी अस्वस्थ होतात. एक सहकारी जन्मतारीख घालतात. माझ्या शेजारच्या मेजावरील तरुणाच्या मनात एक मुलगी भरली होती आणि तिचे नाव रोमन लिपीत नेमके सहा अक्षरांचे होते. तो प्रत्येक हुकमाला तेच नाव लावी आणि रात्रभर निरनिराळ्या प्रांतांतून, निरनिराळ्या यंत्रांकडून, तारीखवेळेसह तेच नाव त्याच्याकडे परत येई. असा प्रतिसाद खुद्द त्या मुलीकडून कधी आला नाही. पुढे त्याचा विवाह दुसरीकडे ठरला, आणि नियोजित वधूचे नाव सात अक्षरांचे निघाले. आता तो साहेबांसारखे आकडे घालतो.

या भाषेची एक ज्येष्ठ व अधिक घरगुती बहीणही आहे. १९८१ साली हेज कंपनीने टेलिफोनच्या तारेवर चालणारा जो मोडेम बाजारात आणला, त्याच्याशी बोलताना प्रत्येक हुकमाच्या आरंभी 'एटी' ही दोन अक्षरे लिहावी लागत. अर्थ एवढाच की, लक्ष द्या. चार दशके उलटली तरी खिशातल्या मोबाइलच्या पोटातील मोडेम अजून त्याच हाकेला ओ देतो. परंतु त्या भाषेतली खरी गंमत तीन अधिक चिन्हांची. मोडेममधून पलीकडच्या माणसाशी चाललेले बोलणे मध्येच थांबवून खुद्द मोडेमशी बोलायचे असेल, तर एक सेकंद निःशब्द राहायचे, तीन अधिक चिन्हे पाठवायची आणि पुन्हा एक सेकंद निःशब्द राहायचे. त्या मागच्यापुढच्या मौनावरून मोडेम ओळखतो की आता आपल्याला उद्देशून काही सांगणे आहे. ही युक्ती मी घरी करून पाहिली. पहिल्या मौनाचा सेकंद पुरा होण्याच्या आत पत्नीने तीन विषय काढले.

आता कोणी म्हणेल की, इतक्या काटेकोर भाषेत अनर्थ घडण्यास जागाच कोठे उरते? उरते, किंबहुना अनर्थासाठी काटेकोरपणासारखी सुपीक जमीन नाही. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एके रात्री दूरच्या एका यंत्रातील एक दार सेवेतून कमी करण्याचा हुकूम सोडला. हुकूम सर्वांगसुंदर होता: अपूर्णविराम जागच्या जागी, खण बरोबर, दार बरोबर, शेवटी अर्धविराम. त्या यंत्राकडे जाणारी आमची एकुलती एक वाट त्याच दारातून जात होती, हा तपशील लिहिण्यासाठी अर्जात रकाना नव्हता, इतकेच. यंत्राने निमूटपणे तामिली केली. 'कम्प्लीटेड' असे त्याने लिहिलेही असेल. पण ते पाठवायचे कोणत्या दाराने?

साहेब आले.

"हुकूम गेला का?"

"गेला."

"मग उत्तर?"

"उत्तर येत नाही, सर."

"म्हणजे हुकूम फसला?"

"नाही सर. फसला असता तर उत्तर आले असते."

साहेब खुर्चीवर बसले. यशाचा पुरावा म्हणून संपूर्ण शांतता सादर करण्याचा त्यांच्या कारकीर्दीतील तो पहिलाच प्रसंग असावा. अखेर पलीकडच्या गावी एका गोऱ्या तंत्रज्ञास पाचारण करण्यात आले, आणि तो गाडीत हत्यारांची पेटी टाकून, बर्फ तुडवीत, मैलोगणती दूर असलेल्या त्या खोपटापर्यंत गेला. तेथे त्याने हातमोजे काढले, यंत्राला एक तार जोडली, दार पुन्हा रुजू करण्याची एक ओळ लिहिली आणि हातमोजे घातले. 'भेटीचा तपशील' या सदराखाली त्याने लिहून पाठवले: एक अर्धविराम दिला. सासऱ्यांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते नातवाच्या बारशालाही मी पाहिले नव्हते. "म्हणजे शेवटी माणूस पाठवावाच लागला," ते म्हणाले आणि त्यांनी सुपारीचे दुप्पट खांड तोंडात टाकले.

हुकूम पाळण्याखेरीज यंत्राला आणखी एक सवय आहे, ती न विचारता बोलण्याची. किरकोळ दुखणे असेल तर एक तारा, मोठे असेल तर दोन, आणि प्राणावर बेतले असेल तर एक तारा व 'सी' हे अक्षर, अशा खुणा करून ते आपली गाऱ्हाणी आपण होऊन रवाना करते. आणि ती केवळ स्वतःच्या प्रकृतीची नसतात. ज्या खोलीत त्याला ठेवले आहे तिचे दार उघडे राहिले, उष्मा वाढला, पाणी शिरले, धूर झाला, बॅटरी उतरू लागली, की प्रत्येकासाठी ठरावीक शब्द आहे आणि तो तत्काळ येतो. यामुळे माझ्या ज्ञानाची विभागणी मोठी विलक्षण झाली आहे. मध्यरात्री पत्नीचा फोन येतो, "अहो, गॅलरीचे दार तुम्ही लावले होते का?" त्या क्षणी मिनेसोटातील एका खोपटाचे दार किती वाजून किती मिनिटांनी उघडले, आतली हवा किती अंशांवर आहे आणि पंखा फिरतो आहे की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. आमच्या गॅलरीविषयी मात्र दप्तरी काहीही नोंद नसते.

"तिकडून काही इशारा आलेला नाही," मी सांगतो.

"कुठून?"

"गॅलरीकडून."

यानंतर पत्नी फोन ठेवते, तो आवाज मात्र दोन ताऱ्यांचा असतो.

इतकी गाऱ्हाणी अहोरात्र येत राहिली म्हणजे ती ऐकणाऱ्याचे काय व्हावे, याचाही विचार भाषाकारांनी करून ठेवला आहे. 'ओपीआर-एसीओ' नावाचा एक हुकूम आहे. तो सोडला की इशाऱ्याची घंटा बंद पडते. दोष दूर होत नाही. तार तुटलेली असेल तर तुटलेलीच राहते, पंखा अडकलेला असेल तर अडकलेलाच राहतो. फक्त आवाज थांबतो. दुरुस्तीकडे शांतपणे लक्ष देता यावे म्हणून ऐकणाऱ्याच्या कानांना विश्रांती, असा त्यामागचा सद्धेतू आहे. परंतु मनुष्यस्वभावाला इतका तंतोतंत मानवणारा दुसरा हुकूम अखिल तंत्रविद्येत नसेल. आमच्याकडे नवा उमेदवार बाकीची सारी भाषा शिकायला ऋतुचक्राचा एक फेरा घेतो. हा एक हुकूम मात्र तो पहिल्या रात्रीच्या चहापूर्वी पाठ करतो, आणि त्याचा अर्धविराम कधीही विसरत नाही. सकाळी साहेब विचारतात, "रात्री काय परिस्थिती होती?" आम्ही सांगतो, "शांत." यात खोटे काहीच नसते. साहेब वरच्या साहेबांना कळवतात, "शांत". तेही समुद्रापार कळवतात, "शांत". आणि ती शांतता अशी हुद्द्याहुद्द्याने चढत असताना पंखा आपल्या जागी अडकलेलाच असतो.

माझ्या अधिकाराविषयी माझे मत अशा रीतीने बऱ्यापैकी सुस्थिर झालेले असताना परवा सासऱ्यांच्या घरचे इंटरनेट बंद पडले. त्यांनी खात्यातल्या जुन्या शिरस्त्याने कंपनीकडे तक्रार नोंदवली आणि लाइनमनसाठी चहा ठेवायला सांगितले. लाइनमन आला नाही. मोबाइलवर मजकूर आला: 'राउटरची वायर काढा. ३० सेकंद थांबा. वायर पुन्हा लावा. झाल्यास १ पाठवा.'

सासरे टेबलाखाली शिरले. वायर काढली, मोठ्याने तीस आकडे मोजले, वायर लावली, धुळीने माखलेल्या कोपरांनिशी बाहेर आले आणि १ पाठवला. पुन्हा मजकूर आला: 'हिरवा दिवा लागला असल्यास १ पाठवा. नसल्यास २ पाठवा.' आता सासऱ्यांचे म्हणणे असे की, ज्याने पस्तीस वर्षे खात्याच्या पत्रव्यवहारात काढली त्याने एका आकड्यात उत्तर देणे हा समोरच्याचा अपमान आहे. म्हणून त्यांनी सविस्तर कळवले: 'आपल्या संदेशात निर्देशिलेला दिवा लागला आहे खरा, तथापि तो हिरवा नसून तांबडा आहे व मधूनमधून मिचकावतो, सबब योग्य ती तजवीज व्हावी, ही विनंती. कळावे, लोभ असावा.' दोन सेकंदांत उत्तर आले: 'क्षमस्व, आपला प्रतिसाद वैध नाही.'

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, पलीकडे अर्धविरामाची वाट पाहत कोणीतरी बसले आहे आणि अलीकडे, टेबलाखाली, हातात वायर धरून जे उपकरण काम करीत आहे, ते माझे सासरे आहेत. दूरसंचाराच्या अवघ्या पसाऱ्यात दुरून चालवण्याजोगे याहून स्वस्त यंत्र कोणत्या कारखानदाराला साधले असते? जागा त्याची, वीज त्याची, वाकणे त्याचे, आणि महिन्याच्या महिन्याला भाडेही तोच भरतो. एवढे करून लोभ असावा, हेही तोच लिहितो.

"२ पाठवा," मी म्हणालो.

त्यांनी अत्यंत नाखुशीने २ पाठवला. मजकूर आला: 'राउटरची वायर काढा. ३० सेकंद थांबा.' ते पुन्हा टेबलाखाली गेले, पुन्हा मोजले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा २. अशा काही फेऱ्या झाल्यावर, म्हणजे सासूबाईंनी लाइनमनचा चहा मला देऊन टाकल्यावर, अखेरचा मजकूर आला: 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. धन्यवाद.' कोपऱ्यात तांबडा दिवा मिचकावतच होता.

सासऱ्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "जावईबापू, तुम्ही यातले जाणकार. तुमच्या त्या भाषेत याला काय म्हणायचे? कम्प्लीटेड की डिनाय?"

"दोन्ही नाही," मी म्हणालो. "याला ओपीआर-एसीओ म्हणतात."

"म्हणजे काय?"

"दोष तसाच आहे. तुमचा आवाज तेवढा बंद केला."